रंग पक्का आहे का?

साडीच्या दुकानात मी आजही पहिला प्रश्न तोच विचारते, "रंग जाणार नाही ना?" दुकानदार हसून म्हणतो, "गॅरंटी है भाभीजी." तरी मी पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करते आणि पदराच्या आतल्या बाजूला घासून बघते. ही सवय सासूबाईंची. मी सोलापूरची, चादरींच्या गावात वाढलेली, तेव्हा रंगाचं मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा सासूबाई मला एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये घेऊन गेल्या आणि पहिल्याच दुकानात माझा समज उतरला. मी लखलखीत राणी रंगाची साडी उचलली होती. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, घासला, गुलाबी झालेला रुमाल माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "दुकानदार बोलेल, साडी बोलेल, आपलं मनही बोलेल. रुमालाला विचारावं."

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या रुमालाची आठवण मला गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात फार झाली, आणि तीही साडीमुळे नाही, तर लेकीच्या प्रयोगशाळेतल्या रंगामुळे.

लेक पुण्याला पीएच.डी. करते. काय करते असं कुणी विचारलं की मी "केमिस्ट्रीत काहीतरी" म्हणून वेळ मारून नेत असे. मंदिरात बायका विचारायच्या, "म्हणजे औषधं बनवते का?" मी मान हलवायची. मी बी. ए. झालेली, तेही मराठी घेऊन. पण एका दिवाळीत तीच म्हणाली, "आई, माझा निम्मा वेळ रंग निवडण्यात जातो," आणि मी कान टवकारले. रंग निवडणं हा तर आपला विषय!

ती ज्या गोष्टी बघते त्या फार लहान. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. तिचा प्रथिनाचा एक रेणू असतो पाचेक नॅनोमीटरचा. प्रकाशाची लाटच मुळी ४०० ते ७०० नॅनोमीटरची. १८७३ साली अर्न्स्ट अ‍ॅबे या जर्मन शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. दोन वस्तू साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असल्या, तर भिंग कितीही चांगलं घ्या, त्या एकच दिसणार.

"मग तुला पाच नॅनोमीटरचा रेणू दिसतो कसा?" मी विचारलं.

"रेणू दिसत नाही आई. त्याला लावलेला दिवा दिसतो."

हे मला लगेच पटलं. रात्रीच्या गाडीने सोलापूरला जाताना खिडकीतून मिट्ट काळोखात एखादाच दिवा दिसतो. घर दिसत नाही, भिंती दिसत नाहीत, पण तिथे कुणीतरी राहतं हे कळतं. दिवा हलला तर माणूस चालतोय हेही कळतं. हिचंही तसंच. रेणूला रंगाचा एक कण बांधायचा, त्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा, आणि काळ्याकुट्ट पडद्यावर तो एकटा ठिपका कुठे जातो, कुठे थांबतो, ते बघत बसायचं.

हा रंग आपल्या कापडाच्या रंगासारखा नव्हे. एका रंगाचा प्रकाश गिळायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा, हा त्याचा धर्म. यांच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. लेकीने एकदा तो घरी आणला, खोलीत अंधार केला आणि यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर धरला. सदरा निळसर पेटला. कपडे पांढरे दिसावेत म्हणून आपण पूर्वी टिनोपाल घालायचो, त्यातही असाच चकाकणारा रंग. मग तिने वाटीत तेलात कालवलेली हळद त्या दिव्याखाली धरली. तीही हिरवट-पिवळी उजळली. रोज फोडणीत पडणारी हळद असली गुणाची आहे हे मला पन्नाशीत कळलं! कोयनेलच्या पाण्याचा असाच निळा उजेड बघून स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली ही गोष्ट समजावून सांगितली. गिळलेल्या प्रकाशातली थोडी शक्ती वाटेत खर्च होते, म्हणून परत येणारा रंग वेगळा असतो. तो वेगळा असतो म्हणूनच चाळणी लावता येते. लेसरचा प्रकाश अडवायचा आणि रंगाचा तेवढा गाळून घ्यायचा. आम्हा जैनांच्या घरात पाणी गाळण्याशिवाय दिवस उगवत नाही, त्यामुळे ही गाळणी मला परकी वाटली नाही.

पण एकच रेणू बघणं पूर्वी कुणाला शक्य वाटत नव्हतं. श्रोडिंगर यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९५२ साली लिहिलं होतं की आपण एकट्या अणूवर किंवा रेणूवर कधी प्रयोग करत नसतो. १९८९ साली अमेरिकेत मोर्नर यांनी अतिथंड स्फटिकात अडकलेला एकेक रेणू प्रकाशाच्या साहाय्याने ओळखून दाखवला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ओरी यांनी तो त्याच्या स्वतःच्या चकाकीवरून पकडला. २०१४ साली मोर्नर, बेट्झिग आणि हेल या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी. यातल्या बेट्झिग यांची गोष्ट मला फार आवडते. विज्ञानाला कंटाळून ते वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागले होते. मग परत आले, आणि नवा सूक्ष्मदर्शक बांधला तो एका मित्राच्या दिवाणखान्यात. मी लेकीला म्हटलं, "बघ, घरातही मोठी कामं होतात." ती म्हणाली, "हो, पण तेव्हा बाकीचं घर कुणी सांभाळलं ते कुठे लिहिलेलं नाही."

असो. रंग निवडायचा म्हणजे काय बघायचं, हे तिने मला सांगितलं तेव्हा मला स्थळ बघायला निघालेल्या मंडळींची यादी आठवली.

पहिली गोष्ट, तेज. रंगाने प्रकाश भरपूर गिळायला हवा आणि गिळलेला परत द्यायला हवा. काही रंग गिळतात फार आणि देतात थोडं. अशी माणसंही आपल्याला माहीत आहेत. २०१५ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञांनी एका जुन्या रंगाच्या कडांचे छोटे गट बदलून तिथे चार अणूंची कडी बसवली. एवढ्याने काय झालं? १०० प्रकाशकण गिळून ४१ परत देणारा रंग ८८ देऊ लागला.

दुसरी गोष्ट, टिकाऊपणा. लेसरखाली प्रत्येक रंग कधी ना कधी विझतो. चांगल्यातला चांगला रंग काही लाख प्रकाशकण देतो आणि कायमचा संपतो. आपण साडी उन्हात वाळवत नाही, सावलीत वाळवतो, तेच हे. त्यात हवेतला प्राणवायू घात करतो, म्हणून ते लोक पाण्यातला प्राणवायू काढून टाकतात.

तिसरी गोष्ट, भोवतालापासून वेगळा उठून दिसणं. पेशीला स्वतःची एक मंद चकाकी असते, निळ्या-हिरव्याकडची. हिरव्या साडीवर हिरवं नक्षीकाम केलं तर कोण बघणार? म्हणून शक्यतो तांबड्याकडचा रंग निवडतात.

चौथी गोष्ट, आकार. आपल्याला बघायचंय त्याच्यावर ओझं नको. जेलीफिशमधून आलेलं एक चकाकणारं प्रथिन आहे, ते चारेक नॅनोमीटर लांब. पाच नॅनोमीटरच्या रेणूला ते बांधणं म्हणजे लहान मुलीच्या पाठीवर तिच्याएवढीच मुलगी बसवणं. रासायनिक रंगाचा कण एका नॅनोमीटरच्या आसपास. तो बरा.

पाचवी गोष्ट, लुकलुकणं. काही रंग मधेच विझतात, परत पेटतात. रेणूचा माग काढायचा असेल तर हा दोष. पण बेट्झिग यांनी याच दोषाचा गुण केला. हे मला कळलं ते अनंत चतुर्दशीच्या रात्री. इंदूरकरांना सांगायला नको, त्या रात्री गणपती विसर्जनाबरोबर गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्याही गेल्या, पण कामगारांनी झांकी सोडली नाही. मंदिरातून कलशाभिषेक आटोपून आम्ही राजवाड्याजवळ एका नातेवाइकांच्या गच्चीवर उभ्या होतो. लांबून येणारी झांकी म्हणजे नुसता उजेडाचा गोळा. लेक म्हणाली, "आई, सगळे दिवे एकदम लागलेत म्हणून गोळा दिसतोय. समज, एका वेळी फक्त दोन-चार दिवे लागले, ते विझले की दुसरे दोन-चार. प्रत्येक वेळी तू कागदावर टिंब काढलंस, तर शेवटी काय होईल?" मी म्हटलं, "आख्खा हत्ती उमटेल, सोंडेसकट." "बस," ती म्हणाली, "यालाच २०१४ चं नोबेल." अ‍ॅबे यांची २०० नॅनोमीटरची भिंत अशी ओलांडली गेली. रंग एकदम नाही, आळीपाळीने बोलले म्हणून.

आणि सहावी गोष्ट, जी तिने सगळ्यांत शेवटी सांगितली आणि जिने पुढे तिला रडवलं: रंगाने आपल्या कामाशी काम ठेवावं. ज्याला बांधलाय त्याच्याबरोबर जावं. मधेच काचेला नाहीतर आणखी कशाला चिकटून बसू नये.

माझी स्वतःची एक सातवी अट होती. मी तिला विचारलं, "तुझ्या रंगात जीव किती जातात?" ती हसली नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाली, "रासायनिक रंगात नाहीत. तो बाटलीत बनतो. पण जेलीफिशचं जे प्रथिन सांगितलं ना, ते शिमोमुरा यांना सापडलं तेव्हा त्यांनी १९६१ च्या एका उन्हाळ्यात सुमारे १०,००० जेलीफिश गोळा केल्या होत्या." माझ्या अंगावर काटा आला. "आता तसं करत नाहीत," ती म्हणाली, "त्याचा जनुक जिवाणूंत घालून तिथेच बनवतात." मग तिने न विचारता आणखी एक सांगितलं. काचेवर नको ते चिकटू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी गाईच्या रक्तातलं प्रथिन लावतात, आणि प्राणवायू काढायला जी द्रव्यं वापरतात त्यांतलं एक गाईच्या यकृतातून येतं. तिने काचेसाठी कृत्रिम लेप घेतला आणि प्राणवायूसाठी जिवाणूंपासून मिळणारं दुसरं द्रव्य. "हिंसा शून्य झाली असं म्हणणार नाही, आई. जिवाणूही जीवच. पण कमी झाली. शिवाय तो लेप कामालाही चांगला निघाला." हिशेब पूर्ण सांगितला, लपवलं काही नाही. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत पाठ केलेली मुलगी आहे, वाया गेलं नाही म्हणायचं.

आता गेल्या वर्षीचं.

भाद्रपद शुद्ध पंचमीला दशलक्षण सुरू झालं आणि ती आली. माझी दहा दिवसांची एकाशनं, सकाळी पूजा, संध्याकाळी प्रवचन. दर वर्षी ती आली की घर भरतं. या वेळी गप्प. पोह्यांची बशी समोर, आणि ही नुसती चमचा फिरवतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी गाळत होते, तेव्हा ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"आई, दीड वर्षाचं काम चुकलं."

झालं असं होतं. पेशीभोवती जसा स्निग्ध पडदा असतो, तसा पडदा काचेवर पसरून त्यावर तिचे रेणू ती सोडायची. ते सरकत-सरकत मधेच थबकायचे. ते का थबकतात, यावर तिचं सगळं काम उभं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिथे ते एकमेकांना भेटत होते. तिने निवडलेला तांबडा रंग फार तेजस्वी, फार टिकाऊ, प्रयोगशाळेत सगळ्यांचा लाडका. तो कोणता, कुणाचा, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. इकडे यायच्या आठवडाभर आधी तिने एक साधी गोष्ट केली. रेणू न घालता नुसता रंगच त्या पडद्यावर सोडला. आणि तो नुसता रंगही तसाच सरकला, तसाच थबकला.

म्हणजे थबकत होता तो रंग. पाण्याशी न पटणारा, स्निग्ध पडद्यात मुरणारा. रेणू बिचारा त्याच्यामागे अडकत होता. दीड वर्ष हिने रेणूची म्हणून जी चाल लिहून काढली, ती रंगाची चाल होती.

"हे कुणाला माहीत नव्हतं का?" मी विचारलं.

"होतं. २०१३ आणि २०१४ साली यावर लेख आलेत. पाण्याला भिणारे रंग काचेला आणि पडद्याला चिकटतात, म्हणून लेबल जपून निवडा, असं स्पष्ट लिहिलंय. मी वाचलेही होते. वाटलं, आपल्यात तसं नसेल."

मी गाळणं पिळून वाळत घातलं. माझ्या डोक्यात काय आलं ते मी इथे लिहिणार आहे, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तिची फेलोशिप पाच वर्षांची, चौथं संपत आलेलं. एका परिषदेत हेच काम मांडायचं म्हणून निवड झाली होती. सगळ्या समाजात मी ते सांगून ठेवलं होतं. एका चांगल्या घरी बोलणी चालू होती, त्यांनाही सांगितलं होतं. मी म्हटलं, "सरांना आताच सांगायला हवं का? ती परिषद होऊन जाऊ दे. तू काही खोटं करत नाहीस. तेव्हा जे दिसलं ते तू लिहिलंस. पुढे हळूच दुरुस्त कर. कुणाला कळणार आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. म्हणाली, "आई, मी मांडलं तर दुसरी कुणीतरी मुलगी ते खरं धरून त्याच्यावर तिची दोन वर्षं घालवेल. तिलाही तुझ्यासारखी आई असेल."

तो दिवस होता उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, बोलण्यात एक, करण्यात तिसरंच, असं नसणं. सकाळीच प्रवचनात मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली होती. पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि तोंडाने मी पोटच्या मुलीला वाकडी वाट दाखवत होते. कोण बोललं ते माझ्या तोंडून? तेव्हा मला वाटलं, आई बोलली. आता वाटतं, आईला चिकटलेलं काहीतरी बोललं. लोक काय म्हणतील ते, मी ऐटीत सांगितलेलं खाली कसं घेऊ ते. मुलीची काळजी त्यात होती, नाही असं नाही. पण थबकायला लावणारी ती काळजी नव्हती.

संध्याकाळी तिने सरांना फोन केला. मी आतल्या खोलीत माळ घेऊन बसले होते, पण लक्ष सगळं बाहेर. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले म्हणे, "दुसऱ्याने दाखवण्याआधी आपण पकडलं, हे ठीक झालं. ये, नव्याने लावू." परिषदेतून नाव काढून घेतलं. मंदिरात मला विचारणाऱ्या बायकांना मी तीन दिवस टाळलं, चौथ्या दिवशी खरं सांगितलं. एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे रंग कच्चा निघाला!" मी म्हटलं, "नाही हो, फार पक्का निघाला. नको तिथे पक्का." त्या बोलणी चालू असलेल्या घराला हे काही समजलं नाही आणि त्यांनी फार समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. तो विषय तिथेच मिटला.

पुण्याला परत गेल्यावर तिने सहा रंग घेतले. आधी कोणताच रेणू नाही. नुसते रंग, एकेक करून, मोकळ्या पडद्यावर आणि मोकळ्या काचेवर. जो चिकटला तो बाद. त्यातून जो राहिला तो तेजात पहिल्याच्या मागे होता, लवकर विझतही होता. पण त्याच्या अंगाला पाण्याशी सलगी करणारे गट होते, त्यामुळे तो पडद्यात मुरत नव्हता. त्याच्या मंद उजेडासाठी तिला मोजमापं कितीतरी वाढवावी लागली. आणि पुन्हा फसायला नको म्हणून तेच रेणू तिने अगदी वेगळ्या जातीच्या दुसऱ्या रंगानेही बघितले. दोन्ही रंग जे सारखं सांगतील, तेवढंच रेणूचं म्हणायचं. एक सांगेल आणि दुसरा नाही म्हणेल, ते रंगाचं. लहानपणी पाठशाळेत अनेकांत शिकवताना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतात. ती गोष्ट इतकी उपयोगी पडेल असं तिच्या पंडितजींनाही वाटलं नसेल.

तिच्या आधीच्या तीन निष्कर्षांपैकी दोन गेले. एक राहिला, तोही बारीक होऊन. रेणू थबकतात, पण पूर्वी वाटलं त्यापेक्षा खूपच कमी वेळ.

मधे एकदा फोनवर मी विचारलं, "असा एखादा रेणू नसतो का, ज्याला रंग लावायची गरजच नाही?" म्हणाली, "आहे ना." सेरोटोनिन म्हणून आपल्या शरीरात एक रेणू असतो, मेंदूतल्या निरोपांच्या कामाचा. त्याला स्वतःचीच चकाकी आहे, पण अतिनील प्रकाशातली, अवघड. १९९७ साली सुदीप्त मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत, तीन-तीन प्रकाशकण एकदम टाकायची युक्ती करून, जिवंत पेशीतलं सेरोटोनिन त्याच्याच उजेडात बघितलं. तो एकेक रेणू नव्हे, पेशीत साठलेला पुंजका. पण वरून काही न बांधता. पुढे ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. हे ऐकून मला उगीचच समाधान वाटलं. सगळ्यांना नाही तरी कुणाला तरी त्याच्या स्वतःच्या उजेडात बघता येतं तर.

दशलक्षणानंतर क्षमावाणी येते. मंदिराबाहेर सगळे एकमेकांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात. ओळखीचे, अनोळखी, कुणालाही. इतकी वर्षं मी घरातल्यांना घाईघाईत म्हणून टाकायची, कारण स्वयंपाक राहिलेला असायचा. गेल्या वर्षी तिची गाडी दुपारची होती. ती बॅग भरत होती, मी तिच्या डब्यात खाकरे घालत होते. मी हात जोडले आणि म्हटलं, "त्या दिवशी ओट्यापाशी मी जे बोलले, त्याची क्षमा." नेहमीसारखं "जाणते-अजाणतेपणी" असं मोघम नाही, जे केलं ते नाव घेऊन. तिला काय बोलावं ते सुचेना. ती म्हणाली, "आई, मलाही तो विचार आला होता. म्हणूनच तुझ्या तोंडून ऐकून घाबरले." मग तिनेही हात जोडले. खाकरे थोडे तुटले, पण डबा भरला.

परवा तिने एक चित्र पाठवलं. सगळा काळा पडदा आणि त्यावर सात-आठ फिकट ठिपके. पूर्वीच्या चित्रांपुढे अगदीच निस्तेज. मी चष्मा लावून बघितलं आणि लिहिलं, "हे नक्की रेणूच ना?"

लगेच उत्तर आलं, "आजीचा रुमाल घासून बघितलाय."